मकबऱ्याच्या बागेतल्या गोष्टी

लहानपणी आमची नानी रमजानच्या रात्री तरावीहनंतर एक किस्सा सांगायची. एक सौदागर असतो. त्याचा कुत्रा मऊ गादीवर बसतो, गळ्यात माणकांचा पट्टा मिरवतो. शेजारी लोखंडी पिंजऱ्यात दोन माणसे कोंडलेली असतात. आधी कुत्रा जेवणार आणि त्याचे उष्टे त्या दोन माणसांना मिळणार! आम्ही पोरे घाबरून विचारायचो, ‘नानी, हा कसला जुलूम?’ मग नानी सावकाश सांगायची की ती दोन माणसे त्या सौदागराचे सख्खे भाऊ. त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा दगा दिला, आणि अंधारकोठडीत पडलेल्या धन्याला भाकरी-पाणी आणून जगवले ते या मुक्या जनावराने. नानीला लिहितावाचता येत नव्हते. हा किस्सा तिने तिच्या आईकडून ऐकला होता, एवढेच तिला ठाऊक होते.

पुढे बी.एड. झाले, उर्दू शाळेत नोकरी लागली. एके दिवशी शहागंजच्या बाजूला एका रद्दीच्या दुकानात पुठ्ठा निघालेले, कडा पिवळ्या पडलेले एक उर्दू पुस्तक दिसले. चाळताना मधेच तो कुत्रा, तो माणकांचा पट्टा आणि ते पिंजरे भेटले. पुस्तक होते मीर अम्मन देहलवी यांचे ‘बाग-ओ-बहार’. नानीचा किस्सा छापील अक्षरांत पाहून डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करते. पण खरे आश्चर्य पुढेच होते. पहिल्या पानावर प्रकाशकाचे नाव होते, अंजुमन तरक्की-ए-उर्दू, औरंगाबाद (दकन).

उर्दूतल्या या सर्वांत गाजलेल्या कथाग्रंथाची ही आवृत्ती आपल्या शहरातून निघाली होती. आज या शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण त्या पानावरचे ‘औरंगाबाद (दकन)’ हे शब्द एका कालखंडाची साक्ष देतात. त्या कालखंडाविषयी आणि त्या काळातल्या जुन्या गोष्टींच्या पुस्तकांविषयी प्रस्तुत लेखात थोडे लिहायचे आहे.

शहरातले पंचवीस वर्षांचे दफ्तर

अंजुमन तरक्की-ए-उर्दूची स्थापना १९०३ साली झाली. सुरुवातीला प्रा. आर्नल्ड तिचे अध्यक्ष आणि मौलाना शिबली नोमानी चिटणीस होते. पहिल्या काही वर्षांत संस्थेचे काम फारसे पुढे सरकले नाही. १९१२ साली चिटणीसपद मौलवी अब्दुल हक यांच्याकडे आले. ते उत्तर हिंदुस्थानातल्या हापूडचे, अलीगढला शिकलेले, आणि त्या वेळी हैदराबाद संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून औरंगाबादेत होते. साहजिकच अंजुमनचे दफ्तरही इथेच आले आणि १९३८ साली दिल्लीला जाईपर्यंत इथेच राहिले. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे उर्दूच्या या सर्वांत मोठ्या संस्थेचा पत्ता आपल्या गावचा होता. १९२१ साली ‘उर्दू’ नावाचे त्रैमासिक इथूनच सुरू झाले.

या काळात अंजुमनने शब्दकोश काढले, विज्ञानाची परिभाषा घडवली, जुन्या कवींचे तजकिरे छापले. इथल्याच मातीतले लछमी नारायण ‘शफीक’ औरंगाबादी यांचा १८ व्या शतकातला ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ त्यांत होता. पण माझ्यासारख्या वाचकाला अधिक ओढ लागते ती अंजुमनने शोधून, तपासून छापलेल्या जुन्या कथांची. ‘बाग-ओ-बहार’, ‘सब रस’ आणि ‘रानी केतकी की कहानी’ हे तीन जुने कथाग्रंथ अब्दुल हक यांच्या संपादनाखाली अंजुमनने लोकांसमोर ठेवले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो काळ निजामी अमलाचा होता. मराठवाड्यातल्या मराठी मुलांना वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे, आणि मातृभाषेत शिक्षण मिळत नाही ही त्यांची तक्रार खरी होती. उर्दूला मिळालेल्या राजाश्रयाची ही दुसरी बाजू विसरून तो काळ नुसता सोनेरी रंगवणे योग्य होणार नाही. तरीही त्या दफ्तरात जे काम झाले ते दरबारी थाटाचे नव्हते. धूळ खात पडलेली हस्तलिखिते शोधायची, दोन-तीन प्रती शेजारी ठेवून एकेक शब्द पडताळायचा, कठीण शब्दांचे अर्थ द्यायचे, प्रस्तावना लिहायची. हे मास्तरकीसारखे, चिकाटीचे काम होते.

चार दरवेश आणि एक बादशहा

‘बाग-ओ-बहार’ मुळात पाठ्यपुस्तक म्हणून लिहिले गेले, हे कळले तेव्हा शिक्षिका म्हणून मला गंमत वाटली. १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले. इंग्रज अधिकाऱ्यांना इथल्या भाषा शिकवणे हा त्याचा हेतू. तिथल्या गिलख्रिस्ट साहेबांनी मीर अम्मन यांना सांगितले की हिंदू-मुसलमान, बाया-माणसे, पोरेटोरे घरात जशी बोलतात तशा भाषेत हा जुना किस्सा लिहा. मीर अम्मन दिल्लीचे. दिल्ली लुटली गेली, वडिलोपार्जित जहागीर गेली, तेव्हा पाटणा गाठले आणि तिथून पोटासाठी कलकत्ता. आपली ही कर्मकहाणी त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगितली आहे. घर सुटलेल्या माणसाने आपल्या गावची बोली आठवून आठवून लिहिलेले हे पुस्तक आहे. म्हणूनच दोनशे वर्षांनंतरही ते जिवंत वाटते.

रूमचा बादशहा आजादबख्त याला मूल नाही. आरशात पांढरा केस दिसतो आणि राज्यावरून त्याचे मन उडते. एका रात्री वेष पालटून तो बाहेर पडतो. कबरस्तानात मिणमिणता दिवा दिसतो, भोवती चार दरवेश बसलेले. रात्र सरत नाही म्हणून ते आळीपाळीने आपापली हकीकत सांगू लागतात. एक यमनच्या सौदागराचा मुलगा, बाकीचे शहजादे. प्रत्येकाने प्रेमात सर्वस्व गमावलेले, प्रत्येकजण जीव द्यायला निघालेला, आणि प्रत्येकाला हिरव्या पोशाखातल्या, चेहऱ्यावर नकाब घेतलेल्या घोडेस्वाराने अडवून धीर दिलेला. मधेच बादशहा स्वतःचा किस्सा सांगतो. नानीचा कुत्रेवाला सौदागर तो हाच. एका गोष्टीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी असे हे पुस्तक चालते. वाचताना आपण कोणत्या शहरात आहोत, दमास्कसला की बसऱ्याला, याचे भान सुटते. पण पुलाव, कबाब, शिरमाळ आणि दस्तरख्वानाची वर्णने आली की आपण थेट दिल्लीच्या एखाद्या हवेलीत असतो.

या किस्स्याच्या उगमाविषयी मीर अम्मन एक हकीकत देतात. हजरत निजामुद्दीन औलिया आजारी असताना अमीर खुसरो यांनी त्यांचे मन रमवण्यासाठी हा किस्सा सांगितला, अशी ती आहे. संशोधकांनी पुढे ही गोष्ट अमान्य केली. अब्दुल हक यांनी तर आपल्या प्रस्तावनेत दाखवून दिले की मीर अम्मन यांच्यासमोर मूळ फारसी ग्रंथापेक्षा तहसीन यांचे उर्दू ‘नौ तर्ज-ए-मुरस्सा’ होते. संपादक असावा तर असा! आपण छापत असलेल्या पुस्तकाचा दावाही त्याने तपासून घेतला.

तरी मला ती हकीकत आवडते, कारण ती आपल्या अंगणापर्यंत पोहोचते. खुसरो यांचे जिवलग मित्र अमीर हसन सिजजी यांनी १३०८ ते १३२२ या काळात हजरत निजामुद्दीन यांच्या मजलिशीतले बोल ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये टिपून ठेवले. त्या पानापानांवर छोट्या छोट्या गोष्टीच आहेत. ते अमीर हसन आपल्या खुलताबादच्या मातीत विसावले आहेत. शेखांचे खलिफा हजरत बुर्हानुद्दीन गरीबही तिथेच आहेत. म्हणजे किस्सा सांगून दुखऱ्या मनाला उभारी देण्याची ती रीत दिल्लीहून आपल्या डोंगरापर्यंत सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच आली होती.

लाल शाईने खोडलेला शब्द

दुसरे पुस्तक ‘सब रस’. गोवळकोंड्याच्या अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळात, १६३५ साली, मुल्ला वजही यांनी ते दखनीत लिहिले. अब्दुल हक यांनी ‘उर्दू’ त्रैमासिकातून विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले आणि १९३२ साली अंजुमनने ते औरंगाबादेहून छापले. तीनशे वर्षांपूर्वीचे हे गद्य लोकांच्या हाती आले आणि उर्दू गद्याच्या इतिहासाचा आरंभ कलकत्त्यापासून बराच मागे, दखनेत सरकला.

‘सब रस’मधली पात्रे म्हणजे माणसाच्या आतल्या शक्ती. अक्ल हा राजा, दिल त्याचा मुलगा. दिलला आब-ए-हयातचा, अमृतजलाचा ध्यास लागतो. नजर हा त्याचा हेर शोधाला निघतो आणि वाट पोहोचते इश्क राजाची मुलगी हुस्न हिच्या मुलुखात. मूळ कल्पना फत्ताही निशापुरी या फारसी कवीची, हेही अब्दुल हक यांनीच शोधले. पण भाषा वजहीची, आणि ती इथली. वाक्यावाक्यात यमक जुळवत, मधेच थांबून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत ते गोष्ट पुढे नेतात.

हे पुस्तक वाचताना मात्र मला शरमेची एक आठवण झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी पाचवीच्या एका मुलीने निबंधात ‘नको’ लिहिले होते. ‘अम्मी बोले, बाहर नको जाओ.’ मी लाल शाईने तो शब्द खोडला आणि समासात लिहिले, ‘शुद्ध उर्दू लिहा.’ वर्गात सर्वांसमोर तिला समजही दिली. ती मुलगी खाली मान घालून बसली. आणि इथे वजहीच्या भाषेत तोच ‘नको’ निर्धास्तपणे नांदत होता. जोर देण्यासाठी शब्दाला जोडलेला आपला मराठी ‘च’ होता. ‘बाताँ’, ‘लोगाँ’ ही अनेकवचने होती. मी जी भाषा अशुद्ध म्हणून खोडली ती एके काळी दरबारी साहित्यिकाच्या लेखणीची भाषा होती!

मराठी आणि उर्दू यांचे हे शेजारपण अब्दुल हक यांच्या नजरेतून सुटले नव्हते. मराठी भाषेवर फारसीचा काय परिणाम झाला यावर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेही औरंगाबादेहून प्रसिद्ध झाले. ‘अर्ज’, ‘फिर्याद’, ‘शिपाई’, ‘वकील’, ‘जमीन’ हे शब्द आपण मराठीत रोज बोलतो. दखनीत मराठी आली आणि मराठीत फारसी आली. दोन घरांमधली ही वाटी-वाटीची देवघेव शेकडो वर्षे चालली आहे.

एक गोष्ट, दोन कपाटे

तिसऱ्या पुस्तकाविषयी थोडक्यात सांगते. इन्शाअल्ला खाँ ‘इन्शा’ हे लखनौच्या दरबारातले हजरजबाबी शायर. १९ व्या शतकाच्या आरंभी त्यांनी पैज घेतल्यासारखी एक कहाणी लिहिली, ज्यात अरबी-फारसीचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही. ती राणी केतकी आणि कुँवर उदयभान यांची प्रेमकथा. जोगी, जादू, माणसांची हरणे होणे, शेवटी थाटाचे लग्न असा सगळा मसाला तिच्यात आहे. गंमत अशी की हिंदीचे अभ्यासक तिला हिंदीच्या आरंभीच्या गद्यकथांमध्ये मोजतात आणि उर्दूवाले उर्दूच्या. एकच गोष्ट दोन्ही कपाटांत सुखाने राहते. गोष्टीला लिपीचा वाद ठाऊक नसतो, तो आपण नंतर चिकटवतो.

खिडकीतून दिसलेला माणूस

आता या सर्वांहून मला प्रिय असलेल्या पानांकडे येते. अब्दुल हक यांनी परिचितांची शब्दचित्रे लिहिली, ती ‘चंद हमअस्र’ या पुस्तकात एकत्र आहेत. त्यात मौलाना हाली आहेत, मोहसिन-उल-मुल्क आहेत, मौलाना मुहम्मद अली आहेत. पण या मोठ्यांच्या रांगेत दोन साधी माणसेही सन्मानाने बसली आहेत. एक फौजेतला शिपाईगडी नूर खाँ आणि दुसरा नामदेव माळी.

नामदेव हा आपल्या बीबीच्या मकबऱ्याच्या, म्हणजे मकबरा राबिया दुर्रानीच्या बागेत माळी होता. त्या बागेची देखरेख अब्दुल हक यांच्याकडे होती आणि ते राहतही त्याच आवारात. बंगल्यासमोरचा चमन त्यांनी नामदेवकडे सोपवला. लिहिता लिहिता ते खिडकीतून बघत तेव्हा नामदेव एखाद्या रोपाच्या आळ्यात पाणी घालताना, मग दोन पावले मागे सरून त्या रोपाकडे बघत हसताना दिसे. त्याला मूलबाळ नव्हते. झाडे हीच त्याची लेकरे. एखाद्या रोपाला कीड लागली की त्याला चैन पडत नसे, औषध आणून तो दिवसभर त्याची सेवा करी. जडीबुटीची त्याला चांगली पारख होती. लोक आजारी मुले घेऊन येत आणि तो एक पैसा न घेता औषध देई.

एका वर्षी पाऊस फार कमी झाला. विहिरी आटल्या, बाग करपली. पण नामदेवचा चमन हिरवा होता. तो दुरून दुरून डोक्यावर घागरी वाहून आणी, रात्रीसुद्धा. पाणी कसले, चिखलच, पण झाडांना ते अमृत होते. अब्दुल हक यांनी बक्षीस देऊ केले तेव्हा त्याने घेतले नाही. आपल्या लेकरांना जगवण्याचे कोणी बक्षीस घेते का, असा त्याचा भाव होता. पुढे त्याला शाही बागेत नेण्यात आले. तिथे शिकलेले, नावाजलेले माळी होते, हा मात्र कोणाच्या अध्यातमध्यात न पडता कामात बुडालेला असे. एके दिवशी मधमाश्यांचे मोहोळ उठले. सगळे पळून लपले. नामदेवला कामाच्या नादात कळलेच नाही. माश्यांच्या डंखांनी त्याचा जीव गेला. अब्दुल हक त्या मृत्यूला शहादतीचा मान देतात.

हे शब्दचित्र उर्दूच्या पाठ्यपुस्तकांत अनेकदा घेतले गेले आहे. पण त्यात दडलेली एक गोष्ट आपण, या गावचे लोक, नीट वाचत नाही. नामदेव अस्पृश्य मानलेल्या जातीचा होता. अब्दुल हक त्याची जात त्या काळच्या, आज आपल्याला खटकणाऱ्या शब्दात नोंदवतात आणि लगेच सांगतात की चांगुलपणा ही कुणा एका जातीची मिरास नाही. लेखाच्या शेवटी माणसाचे मोठेपण कशात, असा प्रश्न घेऊन ते नामदेवला थोरांच्या ओळीत बसवतात. त्यांच्या मते प्रत्येकात एक नैसर्गिक क्षमता असते, तिला पूर्णत्वाला नेण्याची धडपड म्हणजेच नेकी. ज्या शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले, त्याच शहरातल्या एका दलित माळ्याला एका मौलवीने उर्दू वाङ्मयात अढळ जागा दिली होती. हे आपल्या मुलांना ठाऊक असायला नको काय?

पुढे काय झाले

अब्दुल हक यांची पुढची वाट मात्र भाषेच्या राजकारणातून गेली. १९३६ साली नागपूरच्या भारतीय साहित्य परिषदेत हिंदी-हिंदुस्तानीच्या प्रश्नावर त्यांचे गांधीजींशी तीव्र मतभेद झाले. १९३८ साली अंजुमन दिल्लीला गेली. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि १९६१ साली तिथेच वारले. मराठी-दखनीचे शेजारपण उलगडणारा, नामदेवावर लिहिणारा माणूस आणि भाषेच्या लढाईतला सेनापती, ही दोन्ही रूपे एकाच माणसाची होती. ती दोन्ही आपण पाहावीत. पण ठेवा म्हणून जपायचे कोणते, हे ठरवायला आपण मोकळे आहोत.

जुन्या कथाग्रंथाचा आनंद मला यात सापडला. नानीच्या तोंडची गोष्ट पुस्तकात भेटली, पुस्तकाने गाव दाखवले आणि गावाने भाषा परत दिली. आमच्या शाळांमध्ये गोष्ट म्हणजे ‘सबक’ असते, खाली पाच प्रश्न आणि रिकाम्या जागा. आता मी महिन्यातून एकदा शेवटच्या तासाला प्रश्नांविना एक गोष्ट वाचते. एकदा नामदेव वाचून संपवला. वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘मैडम, इनो अपनेच गाँव के थे क्या?’

‘अपनेच’ या शब्दावर माझी लाल शाई या वेळी चालली नाही. ‘हो, आपल्याच गावचे,’ मी म्हटले. नामदेवची ही गोष्ट मराठी शाळेतल्या मुलांनाही वाचायला मिळावी असे फार वाटते. दोन्ही भाषा घरात बोलणारे आपण आहोत. ते भाषांतर आपण नाही करायचे तर कुणी करायचे?